कृपया शेड कळवावी

दुबईजवळ जबल अलीतल्या एका रंगांच्या कारखान्याबाहेर बसस्टॉप होता. बसस्टॉप म्हणजे एक उंच लोखंडी खांब. खांबावर पाटी होती, पाटीवर बसचं चित्र होतं आणि दुपारी तीन वाजता कारखाना सुटला की खांबाची सावली पडे. सावली वीतभर रुंद असे. शारजाकडे जाणारी कंपनीची बस येईपर्यंत ऑफिसचा सगळा स्टाफ त्या सावलीत एकामागे एक, पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभा राही. रुंद बांध्याच्या माणसांचे खांदे दोन्ही बाजूंनी भाजत. त्याला इलाज नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात या रांगेत शोभनाही होती. ती लॅबमध्ये रंग जुळवायची. तिचा नवरा उल्हास डिस्पॅचमध्ये होता. तिला सहावा महिना लागला होता.

"तू खांबाला चिकटून उभी राहत जा," उल्हास म्हणाला. "तिथे सावली जाड असते."

"सावली जाड नसते, उल्हास. जाड मी झालेय. अर्धी मी उन्हात असते."

"कुठली अर्धी?"

"पुढची. जिच्यात तुझं बाळ आहे ती." तिने रुमाल डोक्यावर ओढला. "आज किती म्हणाले रेडिओवर?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे आपले किती?" शोभनाने दिरहमचे रुपये करायच्या सवयीने विचारलं.

"डिग्रीला कन्व्हर्ट करायचं नसतं गं."

त्या दिवशी उल्हासने शब्द दिला. बाळ यायच्या आत इथे शेड झालेली असेल. चार पाइप, वर पत्रा. यात अवघड काय आहे?

यात अवघड होतं ते भाषेचं. आपण मराठीत शेड म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे पत्रा असतो. कंपनीचा कारभार इंग्रजीत चाले. उल्हासने इंग्रजीत लिहिलं की, बसस्टॉपवर योग्य ती शेड मिळावी. स्पेलिंग सावलीचं करावं की पत्र्याचं, याचा त्याने बराच विचार केला आणि सावलीचं केलं. भाषेच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. फक्त कंपनी रंगांची होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "विनंती तत्त्वतः मान्य. कृपया शेड कळवावी." सोबत रंगांचं शेडकार्ड जोडलं होतं.

*

कृपया इकडे लक्ष द्या. ही कथा ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा धावत आहे. मूळ आराखड्यानुसार ती इथेच संपायची होती: उल्हास हसतो, चूक सांगतो, पत्रा येतो. तांत्रिक कारणामुळे पत्रा आलेला नाही. गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे.

*

तांत्रिक कारणाचं नाव सतीश. हा पुण्याचा माणूस कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर होता आणि नुकताच ब्रिटनमध्ये ट्रेनिंग घेऊन आला होता. ट्रेनिंग पाण्यात न विरघळणाऱ्या रंगांचं होतं. सतीश विरघळून आला होता. तिथल्या लहान लहान गावांतली रेल्वे स्टेशनं पाहून.

"सतीशराव, थोडा घोळ झालाय," उल्हास शेडकार्ड घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेला. "मला ही शेड नको होती. ती शेड हवी होती. उन्हाची."

"उन्हाची? म्हणजे यलो?"

"नाही हो. डोक्यावरची. सावली."

सतीश खुर्चीतून उठला आणि खिडकीशी गेला. केबिन एसी होती आणि खिडकीतून बसस्टॉप दिसत होता.

"उल्हास, इकडे ये. काय दिसतं?"

"आपला स्टाफ."

"काय करतोय?"

"भाजतोय."

"रांगेत उभा आहे!" सतीशचा आवाज जड झाला. "बघ, एकामागे एक. ना धक्का, ना बुक्की. मी ब्रिटनमध्ये हेच पाहिलं. आपल्या लोकांत ते आधीच आलंय रे! फक्त त्यांना साजेसं स्टेशन नाही."

"ते सावलीमुळे रांगेत आहेत. ती वीतभरच आहे ना, म्हणून."

"डोंट स्पॉइल इट," सतीश म्हणाला.

त्याच आठवड्यात समिती बसली. समितीपुढे एकच विषय होता: ब्रिटनमधलं रेल्वे स्टेशन सुंदर कशामुळे दिसतं. देशात रेल्वे नाही, ही बाब एका सदस्याने निदर्शनास आणली. तेव्हा असं ठरलं की, हे सोयीचंच आहे. स्टेशनच्या सौंदर्याला सगळ्यात जास्त बाधा गाड्यांमुळे आणि प्रवाशांमुळे पोहोचते, त्यातली निम्मी बाधा इथे मुळातच नाही. अर्जदार म्हणून उल्हासला समितीवर घेतलं. त्याच्या नावापुढे "सदस्य (सावली)" असं छापलं होतं. त्याने ते कार्ड घरी आणून फ्रिजवर लावलं.

"म्हणजे पत्रा कधी?" शोभनाने विचारलं.

"पत्रा काय गं सारखा पत्रा! एकदम क्लास काम होतंय. ब्रिटनसारखं."

"माझ्या तारखेच्या आत?"

"इन्शाल्ला."

इथे नोकरीला लागल्यावर आपली माणसं हा शब्द सगळ्यात आधी शिकतात आणि त्यानंतर "नाही" म्हणायचं विसरतात.

*

इथे एक परिच्छेद होता. तो सुशोभीकरणासाठी हलवण्यात आला आहे. वाचकांनी कृपया पुढच्या परिच्छेदात उभं राहावं. तिथे सावली नाही.

*

सतीशच्या अल्बममधला एकेक फोटो पाहून स्टेशन उभं राहिलं. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब आले. छताच्या कडेला लाकडाची कातरलेली झालर आली. रंगाबद्दल वाद झाला नाही. गडद हिरवा आणि मलई, दोन्ही आपल्याच कारखान्यातले, आणि शोभनानेच लॅबमध्ये जुळवून दिले. एक लहानसा पादचारी पूलही झाला. तो रस्त्यावरून जात नव्हता. एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याच ठिकाणी उतरायचं.

छत काचेचं केलं. फोटोत काचेचंच होतं.

"तिकडे ऊन मिळत नाही म्हणून काच असते, सतीशराव," उल्हास बैठकीत म्हणाला. "ऊन आत यावं म्हणून."

"मग?"

"आपल्याकडे ऊन आहे."

"मग तर उत्तमच येईल."

हा मुद्दा "सकारात्मक" म्हणून नोंदला गेला.

प्रतीक्षालय बांधलं आणि त्यात विटांची शेकोटी बसवली. स्टेशनला मोठं गोल घड्याळ लावलं. सतीशने अस्सलपणासाठी ते ब्रिटनच्या वेळेवर ठेवलं होतं, त्यामुळे आपल्याकडे तीन वाजता स्टाफ स्टेशनात शिरे तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजलेले असत. अनुभवाशी ते तंतोतंत जुळायचं. काचेखाली उभं राहिलं की माणूस खालून आणि वरून सारखाच भाजून निघे. पूर्वी निदान खांबाची सावली होती. आता बारा खांब होते, पण त्यांच्या नक्षीतून ऊन गाळून येई आणि गालांवर वेलबुट्टी उठे.

शेवटी फुलांच्या टोपल्या आल्या. खरं सौंदर्य टोपल्यांत असतं, असा समितीचा निष्कर्ष होता. लाल जिरेनियमच्या टोपल्या छताला टांगल्या आणि दुपारपर्यंत त्यांचा पापड झाला. दुसऱ्या टोपल्या आणल्या, त्यांचाही झाला. समिती तातडीने बसली. जिवंत गोष्टी या उन्हात टिकत नाहीत, हे प्रथमच कागदावर आलं. लगेच प्रतीक्षालयाला एसी मंजूर झाला.

फुलांसाठी.

*

या सगळ्यात बस कुठे होती?

बस येत होती. बसचा ड्रायव्हर जहूर पेशावरचा. पहिल्या दिवशी त्याने बस स्टेशनाला लावली, खाली उतरला, छत बघितलं आणि शोभनाला म्हणाला, "भाभी, ये मस्जिद है या शादी हॉल?"

"स्टेशन आहे, जहूरभाई. रेल्वे का."

"रेल किधर है?"

"तुम ही हो."

जहूरला हे मनापासून आवडलं. तो बस सुरू करताना तोंडाने शिट्टी वाजवू लागला. पण बसच्या धुराने मलई रंगावर काळपट पट्टा चढायला लागला आणि आठवड्याच्या आत समितीला निर्णय घ्यावा लागला. स्टेशन आणि बस यांत अंतर राखावं. बस यापुढे स्टेशनावर येणार नाही. ती थोडी पुढे, वळणावर थांबेल. तिथे बसथांबा आहे हे कळावं म्हणून गोदामात पडलेला जुना लोखंडी खांब पुन्हा रोवला.

दुपारी तीन वाजता खांबाची सावली पडली. वीतभर रुंद. सगळे एकामागे एक उभे राहिले.

"मी म्हटलं नव्हतं?" सतीश खिडकीतून म्हणाला. "शिस्त अंगात लागते."

*

कॅलेंडरच्या फोटोचा दिवस ठरला. कंपनीचं कॅलेंडर दरवर्षी निघे आणि या वर्षी वर फक्त स्टेशन असणार होतं. ब्रिटनहून एक म्हातारे केमिस्ट कारखाना बघायला आले होते, त्यांना सतीश मुद्दाम घेऊन आला. त्यांनी झालर पाहिली, घड्याळ पाहिलं, पुलावर चढून त्याच जागी उतरले. मग घाम पुसत त्यांनी काहीतरी विचारलं आणि स्वतःच हसत बराच वेळ बोलले.

"काय म्हणाले?" उल्हासने विचारलं.

"आवडलं त्यांना."

"नाही, ते रेनबद्दल काहीतरी म्हणाले. मी ऐकलं."

"हां, ते. त्यांच्या गावचं स्टेशन त्यांना सुंदर का वाटतं ते सांगत होते. म्हणाले, बाहेर पाऊस असला की आत भिजायला होत नाही." सतीशने हात झटकला. "आपल्याकडे पाऊस नाही. मुद्दा लागू होत नाही."

तेवढ्यात फोटोग्राफरने हाक मारली. प्रतीक्षालयाच्या काचेतून कोणीतरी दिसत होतं.

आत शोभना होती. नववा महिना. जिरेनियमच्या कुंड्यांच्या मधे तिने बाकावर पाय वर घेतले होते आणि डोळे मिटले होते. एसीचा झोत फुलांवर सोडला होता, त्यातला थोडा तिच्या कपाळावर येत होता. तिने पाठ टेकली होती, कितीतरी महिन्यांनी.

"वहिनी," सतीशने दार अर्धं उघडून नम्रपणे म्हटलं, "प्लीज. दार उघडं राहिलं की गारवा जातो. आणि माणसाच्या श्वासाने काचेवर वाफ धरते. फोटोत धूसर येतं."

"ब्रिटनमध्ये धूसर नसतं का?" शोभनाने डोळे न उघडता विचारलं.

सतीशने उल्हासकडे बघितलं. उल्हास समितीचा सदस्य (सावली) होता. फोटोग्राफर ताशी दराने आला होता आणि केमिस्ट घड्याळाकडे पाहून स्वतःच्या घड्याळाकडे पाहत होते. उल्हास आत गेला. दार त्याने पटकन लावून घेतलं, गारवा जाऊ नये म्हणून.

"अगं, पाचच मिनिटं. फक्त फ्रेमच्या बाहेर हो."

"झाली ना रे शेड?" ती म्हणाली. "तू म्हणाला होतास, बाळ यायच्या आत. झाली की. मी बसलेय तिच्यात."

"हो गं, पण आज..."

"आज फुलं बसलीयेत."

ती उठली. एका हाताने कंबर धरून, दुसऱ्या हातात डबा. जाताना तिने एका कुंडीतलं सुकलेलं पान खुडून खिशात घातलं. सौंदर्याला बाधा नको. मग ती वळणावर गेली. रांगेतल्या लोकांनी मागे सरकून तिला खांबालगतची जागा दिली, जिथे सावली जाड असते असं उल्हास म्हणायचा. उल्हासही धावत जाऊन तिच्या मागे उभा राहिला. फोटोत आपण येणार नाही याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"यल्ला, खलास!" फोटोग्राफर ओरडला. फोटो उत्तम आला होता.

*

रिद्धी त्याच आठवड्यात झाली. आता ती पाच वर्षांची आहे. स्टेशनासमोरून जाताना ती दरवेळी विचारते, "बाबा, व्हेअर इज द ट्रेन?" उल्हास सांगतो, "इन्शाल्ला." सतीशला बढती मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात शोभनाने पुन्हा अर्ज केला, या वेळी स्वतः, आणि स्पेलिंग पत्र्याचं केलं. उत्तर आलं की, स्टेशन असताना त्याच्या शेजारी पत्रा दिसणं सुंदर नाही.

कॅलेंडर मात्र फार गाजलं. उल्हासने सुट्टीवर जाताना ते सूटकेसभर नेलं. डोंबिवलीहून सासूबाईंचा फोन आला: "शोभने, नुसतं बघूनच गार वाटतं गं! नाहीतर आमच्याकडे. तुम्ही किती सुखात आहात!" चुलत्यांनी मागितलं, शेजाऱ्यांनी मागितलं, शेजाऱ्यांच्या ओळखीच्यांनी मागितलं. नवं वर्ष लागलं तरी पान फाडायचं सगळ्यांच्या जिवावर येई.

*

कृपया इकडे लक्ष द्या. ही शेवटची सूचना आहे.

ते तुमच्याकडेही असेल. "दुबईचं आहे" म्हणून तुम्हीच आवर्जून मागून घेतलं होतं, आठवा. स्वयंपाकघरात, पंख्याखाली, दाराच्या मागच्या खिळ्यावर. एकदा जवळ जाऊन बघा. फुलं बघून झाली असतील तर अगदी डाव्या कडेला बघा, तिथे एक बारीक, उभी, काळी रेघ दिसेल. ती छपाईतली चूक नाही. ती खांबालगतची रांग आहे, पहिली शोभना, तिच्या मागे उल्हास.

रेघेच्या बाजूला जागा मोकळी दिसली म्हणून तिथेच तुम्ही पेनाने लिहिलंय: गॅस लावला.