टाच, चवडा आणि हेडमास्तरांची दाढ

० किलोमीटर

मी दातांचा डॉक्टर आहे. हातात ड्रिल, पायाखाली पेडल, माझ्या तोंडात गप्पा आणि समोरच्याच्या तोंडात कापूस, हे सगळं मी सव्वीस वर्षं एकाच वेळी सांभाळतोय. तेव्हा एका पायाने दोन पेडलं दाबायला शिकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! चुकलो. उजव्या पायाचा.

गाडी लाल आहे. दोन सीटची आणि इतकी बुटकी, की शेजारून कुत्रं गेलं तरी मान वर करून बघावं लागतं.

"अहो, यात सामान कुठे ठेवायचं?" बायकोने विचारलं.

"स्पोर्ट्स कारमध्ये सामान ठेवत नाहीत."

"मग गाडी कशाला घेतलीत?"

खरं कारण सांगतो. उतारावर, वळणाच्या आधी, चवड्याने ब्रेक दाबून धरायचा. डाव्या पायाने क्लच. आणि उजव्या पायाच्याच टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारून खालचा गिअर टाकायचा. इंजिन आणि चाकं यांचा वेग जुळतो, हिसका बसत नाही. हे मला एकदा, फक्त एकदा, बाबांना शेजारी बसवून करून दाखवायचं होतं.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे. पंधरा दिवसांनी ते माझ्या बहिणीकडे राहायला जाणार होते, कायमचे. तिचं घर तळमजल्यावर, आमचं तिसऱ्या मजल्यावर. निर्णय त्यांच्या गुडघ्यांनी घेतला होता, आम्ही नुसत्या माना डोलावल्या.

"पहिले हजार किलोमीटर रेस द्यायची नाही," शोरूमचा मेकॅनिक म्हणाला. "इंजिन नवीन आहे. हळू चालवायचं, मोकळं होऊ द्यायचं."

"टाचेने जराशी टिचकी?"

"टिचकी नाही, चुटकी नाही, काही नाही!"

"म्हणजे पंधरा दिवसांत हजार किलोमीटर?"

"डॉक्टर, तुम्ही दवाखाना चालवता की टॅक्सी?"

रिव्हर्स

बाबा बस चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर बसायचो. खालून बूड भाजायचं, पण उठायची इच्छा व्हायची नाही. डोंगर उतरताना सगळी बस झोपलेली असायची, आणि मी एकटा बाबांचा उजवा पाय बघत असायचो. झिजलेली सँडल. पुढचा भाग ब्रेकवर, टाच तिरकी होऊन रेसवर. एक हलकं 'भूंऽऽ' आणि गिअर पडायचा. मागे कोणाची मानसुद्धा हलायची नाही.

या करामतीला काही नाव असतं हे बाबांना माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायचे, "नाव कसलं? गाडी उतरवतोय."

पुन्हा रिव्हर्स, थोडं कमी

अठराव्या वर्षी त्यांनी मला शिकवायला घेतलं. डेपोमागचं मोकळं मैदान, मित्राची मागून आणलेली गाडी. मी गिअर टाकला. असा आवाज झाला की झाडावरचे पक्षी उडाले.

"काय करतोस? गिअरचे दात मोजतोस का?"

दुसऱ्यांदा टाकला. उरलेले पक्षीही उडाले.

"ऊठ," बाबा म्हणाले. "मागे बस."

बस, एवढंच! रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पुढे चालवायला मी दुसऱ्याकडे शिकलो आणि पोटापाण्यासाठी दातांचा डॉक्टर झालो. गिअरच्या दातांचं प्रायश्चित्त म्हणा! पण चौतीस वर्षं झाली, बाबा गाडीत असले की मी चालवतो आणि त्यांची नजर माझ्या पायावर असते. बोलत काही नाहीत. मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता. 'जमलं.'

२१४ किलोमीटर

वाचकहो, स्पोर्ट्स कार ताशी पन्नासने चालवून बघा. भाजीचा टेम्पो मागून हॉर्न देतो. सायकलवाल्या बाई शेजारून जाताना काचेत वाकून विचारतात, "बरं वाटत नाहीये का?"

किलोमीटर भरायचे म्हणून मी कोणालाही कुठेही सोडायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या मावशीकडे. मावशींना त्यांच्या नणंदेकडे. बिल्डिंगच्या जिन्यात माझी वाट बघत माणसं उभी राहायला लागली.

"उद्या तू मोकळा आहेस ना?" काकू विचारायच्या. "नाही, तुझ्या गाडीला बरं म्हणून विचारते हो!"

३८७ किलोमीटर

आता मुद्दा असा, की हजार होईपर्यंत गाडीत सराव करता येत नाही, आणि हजार होतील तेव्हा बाबांची बॅग भरलेली असेल. मग सराव कुठे करायचा? दवाखान्यात!

पेशंटची खुर्ची खाली करायचं पेडल म्हणजे ब्रेक. ड्रिलचं पेडल सरकवून त्याच्या उजवीकडे आणलं, तो झाला अ‍ॅक्सिलरेटर. डावीकडे कचऱ्याचा डबा, पायाने झाकण उघडणारा. क्लच!

खुर्चीत हेडमास्तर होते. बाबांचे संध्याकाळच्या बाकावरचे मित्र. दाढ बधिर व्हायची वाट बघत आ वासून पडले होते. ड्रिल मी त्यांच्या तोंडापासून हातभर लांब धरलं होतं, इतकी अक्कल शाबूत होती.

चवडा दाबला. हेडमास्तर हळूहळू खाली जायला लागले.

डबा उघडला. खाड्!

आणि मी स्वतःशीच, पण जरा उत्साहात म्हणालो, "आता टाच!"

आमच्या नर्सबाई अठरा वर्षं माझ्या हाताखाली आहेत. मी शब्द उच्चारायचा आणि त्यांनी तो पाळायचा. त्यांनी ताबडतोब सुईदोऱ्याचं पाकीट फाडलं आणि विचारलं, "वरचा ओठ की खालचा?"

त्याच क्षणी टाच बसली आणि ड्रिल किंचाळलं.

अर्धं तोंड बधिर असलेला माणूस इतका स्पष्ट ओरडू शकतो हे मी प्रथमच ऐकलं. हेडमास्तर गळ्यातल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर गेले!

३८७ किलोमीटर (गाडी हललेली नाही, बातमी हलली)

संध्याकाळी बाबा बाकावरून परत आले. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. उजव्या कानाने थोडं, डाव्याने अंदाजाने.

"तू म्हणे हेडमास्तरांचं तोंड शिवायला निघाला होतास?"

"नाही हो बाबा! मी टाच म्हणालो! पायाची टाच!"

"पायाला टाके? कोणाच्या?"

"कोणाच्याच नाही!"

"दातांचा डॉक्टर ना तू?" बाबा काळजीने म्हणाले. मग बायकोकडे वळले. "याला झोप लागते ना गं नीट?"

दुसऱ्या दिवशी सात पेशंटांनी येणं रद्द केलं. तिसऱ्या दिवशी नऊ. आठवा दिवस उजाडेपर्यंत दवाखान्यात मी, नर्सबाई आणि डबा.

३८८ ते ९९०

पेशंट नाहीत म्हणजे वेळच वेळ. या अंतरात मी एकटाच फिरलो. अपवाद फक्त हेडमास्तरांच्या फेरीचा, एकशे दहा किलोमीटर जाऊन, एकशे दहा येऊन. धाकट्या भावाकडे नेऊन आणशील तरच माफ करीन, अशी त्यांची अट होती. पूर्ण प्रवासात त्यांनी रुमालाने तोंड झाकून घेतलं होतं. बोलले एकदाच. "डावीकडे वळ. हात दिसू देत."

१००३ किलोमीटर

चौदावा दिवस. बाबांची बॅग दाराशी.

"चला बाबा, एक चक्कर मारू!"

गाडीत बसायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. "यात बसायचं असतं की झोपायचं?" मग बसल्या जागेवरून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मला डेपोमागचं ते मैदान आठवलं.

तलावामागच्या टेकडीवरून लांब उतार आहे. वळण दिसलं. चवडा ब्रेकवर, क्लच, टाच... आणि माझा नवा जाड बूट दोन्ही पेडलांवर एकदमच बसला! गाडी जागच्या जागी सिंहासारखी गरजली आणि बंद पडली. तलावातली बदकं पलीकडच्या काठाला गेली.

बाबांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. आता 'मागे बस' म्हणणार! पण या गाडीला मागे सीटच नव्हती.

"बूट काढ," ते म्हणाले. "पायाला कळू दे."

अनवाणी निघालो. दुसरं वळण. चवडा. क्लच. टाच जराशी तिरकी. एक हलकं 'भूंऽऽ' आणि तिसऱ्यातून दुसरा पडला. कुठे काही हललं नाही. बाबांच्या मांडीवरची टोपीसुद्धा नाही. तीच बस, तेच झाकण, तीच उन्हं! माझे डोळे भरून आले. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा समोर बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "अरे, गिअर टाकणार आहेस की नाही?"

"टाकला बाबा!"

"काय?"

"टाकला! आत्ता! वळणावर!"

"छे! आवाज नाही, काही नाही."

आवाज झाला होता. त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. पुढच्या वळणावर परत टाकायला गेलो, पण लक्ष बाबांकडेच होतं. टाच हुकली, गाडीने असा हिसका दिला की टोपी काचेवर जाऊन आपटली.

"हां!" बाबा खुशीत ओरडले. "हा टाकलास! हिसका बसला थोडा, पण चालायचंच. जमलं!"

उतार संपेपर्यंत आणखी तीन वळणं होती. मी तिन्ही वळणांवर मन लावून हिसके दिले.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "कशी झाली चक्कर?"

"चालवतो गं बरी," बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर दम खात म्हणाले. "फक्त गिअर टाकायची आठवण करून द्यावी लागते."