निंबाजी ताऱ्याच्या मानाच्या विड्याची हकीकत

आदितेजास दंडवत. राज्य स्थापून हजार कोटी वर्षे उलटली, रक्ताक्षीनाम संवत्सर लागले, ते समयी जे घडले ते लिहितो. खोटे निघाल्यास लेखकाचा कान आणि आपला हात.

आकाशगंगेच्या दौलतीत तारे तेच सरदार. रिवाज ऐसा की, ज्याचे घराणे सर्वांत जुने त्याने दरबारी मानाचा विडा घ्यावा, आणि ज्यास कुळमूळ सांगता न ये त्याने हद्दीबाहेर व्हावे. त्यास हैबतराव तारा, मोठा ऐटबाज, अंगी लोखंड बख्खळ, चिमूटभर सोनेही, मिशीस पीळ भरून बोलिला की, इतके लोखंड जमावयास पिढ्या लागतात, सबब विडा आमचा. आणि वेशीपाशी निंबाजी म्हणून एक थेरडा तारा मिणमिणत असे, त्याजपाशी हायड्रोजन आणि हेलियम, बाकी घरात खिळा मिळणे मुश्किल. हैबतराव म्हणाले की, हा कंगाल, यास आजच हाकलावा. निंबाजी हात जोडून म्हणाला की, या वयात कोठे जावे. मग त्र्यंबकपंत न्यायाधीश यांनी काचेचा लोलक मागविला आणि दोघांचा उजेड त्यातून पाहिला. कोणाचे पोटात काय, त्याची चहाडी उजेडच करितो. पाहून पंत बोलिले, "हैबतराव, आरंभी लोखंड नव्हतेच. थोर तारे फुटून मेले, त्यांचे पोटचे लोखंड धुळीत मिसळले, त्या धुळीचे आपण. निंबाजी जन्मला तेव्हा मेलेले फारसे कोणी नव्हतेच."

हैबतरावांचे तोंड एरंडेल प्याल्यासारखे जाहले. मग त्यांनी दुसरा डाव टाकिला की, दौलतीच्या मध्याभोवती सर्वांची प्रदक्षिणा एके दिशेस, हा उलटी घालितो, हा परमुलखातला. निंबाजीने कबूल केले की, आमचे राज्य लहानसे होते, ते तुमच्या राज्याने गिळले, तेव्हापासून येथेच आहे. हे ऐकून सभेत पुष्कळ जुने सरदार खाकरू लागले, कारण तेही तैसेच आले होते. पंत म्हणाले की, राज्य मोठे जाहले ते गिळूनच. आता ओकू लागलो तर हैबतराव आणि त्यांची मिशी एवढेच उरेल. आणि विडा निंबाजीस दिला.

विडा मिळाला खरा, परंतु सुपारी अख्खी, आणि अडकित्ता लोखंडाचा. म्हातारा हातातल्या सुपारीकडे पाहत बसला. तेव्हा हैबतरावांनी कमरेचा अडकित्ता काढिला, पात्याकडे पाहिले, आणि मिशीवरचा हात खाली घेऊन पुसिले, "आजोबा, हे लोखंड कोणाचे, आपणांस ठाऊक असेल?"

निंबाजीचे डोळे भरले. म्हणाला, "या मुलखी आलो तेव्हा भेटले होते. फार थोर, म्हणून फार लवकर सरले."

मग हैबतरावांनी सुपारी कातरून दिली, आणि उरलेले खांड आपण चघळले. येणेप्रमाणे विडा रंगला, कोणास हाकलिले नाही. इतकेच वृत्त.