शेजारच्या सीटचं वजन

सस्पेन्शन ज्याला कळलं त्याला संसार कळला, असं माझं ठाम मत आहे! धक्का तर बसणारच. तो कुठे गिळायचा आणि किती गिळायचा, एवढाच प्रश्न. हे मत मी बायकोला पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हा ती भाजी निवडत होती.

"मग तुमच्या गाडीला शिकवा ना," ती मान वर न करता म्हणाली. "ती एकही धक्का गिळत नाही. सगळे माझ्या कमरेकडे पाठवते!"

माझी गाडी म्हणजे बावीस वर्षांची, दोन दारांची, लांबलचक नाकाची शाही स्पोर्ट्स कार. मी घेतली तेव्हा तिचे दोन मालक बघून झाले होते. आतलं चामडं अजून लोण्यासारखं मऊ, इंजिनाचा आवाज ऐकून शेजारी खिडकीत यायचे. पण सस्पेन्शन पार थकलेलं. रस्त्यात आगकाडी पडली असली, तर ती जळलेली की नवी, हे सीटवर बसल्या बसल्या कळायचं!

वर्षभरापूर्वी आमच्या लेकीला जुळी झाली. लेक राहते परदेशात. बायको दोन महिन्यांसाठी निघाली आणि तिला विमानतळावर सोडायला मी मोठ्या हौसेने गाडी काढली. वाटेत एक गतिरोधक लागला. एकच! पण त्या एकाने तिच्या दाढेत भरलेलं सिमेंट निखळून तिच्या तळहातावर आलं. आता सांगायला लाज वाटते, पण मी दातांचा डॉक्टर आहे. ती दाढ मीच भरली होती, आणि "आता ही जन्मभर हलत नाही" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तिने तळहाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "या गाडीत मी परत पाय ठेवायची नाही," म्हणाली आणि बॅग ओढत आत निघून गेली.

दोन महिन्यांचे आठ झाले. फोनवर "कधी येतेस?" विचारलं की उत्तर एकच, "बघू." मागे जुळ्यांपैकी कोणीतरी एक रडत असायचं, दुसरं त्याला साथ द्यायचं, आणि फोन बंद व्हायचा. मला तिची इतकी आठवण यायची, की काय सांगू! दिवसभर मी माणसांशी बोलतो. पण माझ्या धंद्यात समोरच्याच्या तोंडात माझीच बोटं असतात, त्यामुळे उलट उत्तर कोणी देत नाही. उलट उत्तर द्यायला घरी ही होती. आता दूध उतू गेलं तर मीच मला ओरडायचो. पण त्यात काही दम नव्हता.

एका रविवारी मी ठरवलं. गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाली ना? मग गाडीच अशी करतो, की ती स्वतःहून येऊन बसेल! नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, नव्या स्प्रिंगा, सगळं अव्वल दर्जाचं. तिला आधी अवाक्षर सांगायचं नाही. एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा, आणि तोच शेवटचा!

अशा गाड्यांची कामं करणारा एक मेकॅनिक आहे. त्याला सगळे 'सर्जन' म्हणतात. हात धुतल्याशिवाय तो बॉनेट उघडत नाही. त्याने पंधरा दिवसांत सगळं नवं सामान बसवलं, मग चार चाकांखाली चार सपाट वजनकाटे सरकवले आणि वही काढली.

"तुमचं वजन?"

"माझं कशाला?"

"गाडी रिकामी चालते का? बसणाऱ्यासकट तोलायची. प्रत्येक चाकावर बरोबर भार आला, तरच धक्का नीट जिरतो."

"बहात्तर," मी म्हणालो.

"बसा आत." मी बसलो. त्याने काटे पाहिले. "शहाऐंशी," म्हणाला आणि लिहून घेतलं. "शेजारी कोण बसतं?"

"सध्या कोणी नाही."

"मग ती सीट रिकामी धरू?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो, की त्याच्या हातातला पाना पडला. "बायको बसते. म्हणजे बसणार आहे."

"वजन?"

आली का पंचाईत! एकतीस वर्षांच्या संसारात मला हिच्या आवडीनिवडी, दुखणीखुपणी, अठ्ठावीस दातांचा इतिहास पाठ, पण वजन? मी तिथूनच फोन लावला.

"अगं, तुझं वजन किती?"

"का?"

"सहज."

"एकतीस वर्षांत कधी सहज विचारलं नाहीत. अहो, खरं सांगा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"माझी उत्तम आहे! तुझं वजन सांग!"

फोनवर काहीतरी खडखड झालं आणि लेकीचा आवाज आला. "बाबा, आई डोळे पुसतेय. तुम्ही तिला जाडी म्हणालात?"

"मी फक्त आकडा विचारला!"

"बायकांना आकडा विचारतात?" फोन बंद.

शेवटी अंदाजाने अठ्ठावन्न सांगितले. मग तिची पर्स आठवली. त्या पर्समध्ये पाण्याची बाटली, औषधं, छत्री आणि एक घडीचा पंखा कायम असतो. आणखी चार धरले. बासष्ट! सर्जनने वाळूची पोती मोजून तिच्या सीटवर उभी केली, पट्ट्याने बांधली आणि बजावलं, "आठवडाभर काढायची नाहीत. स्प्रिंगा याच भारावर बसू द्या. रोज चालवा, मग परत तोलू."

पोत्यातून वाळू झिरपून चामड्यावर पडायला लागली, म्हणून मी कपाटातून हिची हिरवी शाल आणली आणि पोत्यांना वरपासून खालपर्यंत गुंडाळली. शालीला अजून तिच्या साबणाचा वास होता. आता तुम्ही हसाल, हसा! पण तिसऱ्या दिवशी मी पोत्याशी बोलायला लागलो.

"बघ, खड्डा आला. गेला! कळला का?" पोतं गप्प. "मग? उगाच नावं ठेवत होतीस!"

दवाखान्यात जाताना बोलायचो, येताना बोलायचो. लांबचा रस्ता धरायला लागलो. उलट उत्तर काही मिळत नव्हतं. तरी त्या बाजूला काहीतरी वजन आहे, एवढ्यानेच गाडी भरल्यासारखी वाटायची. ते सात दिवस मी फार सुखात होतो.

सुखाला दृष्ट लागली ती माझ्या मेव्हणीची. बायकोची ही धाकटी बहीण याच शहरात राहते. ती बस थांब्यावर उभी असताना समोरून आम्ही गेलो. मी आणि पोतं. तिने हात केला. मी गप्पांत होतो; पोत्याने अर्थातच पाहिलं नाही. तिने तडक बहिणीला फोन केला.

"ताई, परत आलीस आणि मला कळवलंसुद्धा नाहीस? आणि वर तोंड फिरवून गेलीस!"

"मी कुठे आलेय? मी इथे दुपटी धुतेय!"

"मग भावोजींच्या शेजारी तुझी हिरवी शाल घेऊन कोण बसलं होतं?"

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की आठव्या दिवशी सकाळी परत तोलायला म्हणून मी गाडी फाटकाबाहेर काढतोय, तर समोर टॅक्सी येऊन उभी राहिली आणि तिच्यातून बायको उतरली! ती सरळ शेजारच्या दाराशी आली, दार उघडलं आणि शाल ओढली.

"ही कोण?"

"तू," मी म्हणालो.

ती पोत्याकडे बघत राहिली. "मी किती?"

"बासष्ट. पर्ससकट."

मग मी सगळं सांगितलं. काटे, स्प्रिंगा, गप्पासुद्धा. ती टॅक्सीला टेकून उभी होती. "मला वाटलं, एक तर दुसरी बाई असेल, नाहीतर तुम्हाला वेड लागलं असेल. बाई परवडली असती हो! पोत्याशी बोलणाऱ्या माणसाचं मी काय करू?"

"बसतेस का?" मी हळूच विचारलं. "गॅरेजपर्यंत चार गतिरोधक आहेत."

"दाढ नव्याने भरून घेतलीय. तिकडच्या डॉक्टरकडून."

काळजात कळ आली! मी इथे इमानेइतबारे पोतं घेऊन फिरतोय, आणि ही परक्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसली! पण मी मुकाट्याने पोती काढून फाटकाशी ठेवली. ती बसली. एक हात गालावर घट्ट. "आठ दिवसांसाठीच आलेय. परतीचं तिकीट पर्समध्ये आहे," हेही तिने सांगून टाकलं.

पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर तिने गालावरचा हात काढला आणि विचारलं, "चौथा कधी येणार?"

"गेला," मी म्हणालो.

सर्जनने गाडी काट्यांवर घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाईंची बाजू हलकी आहे. आठ किलोंनी."

"तुमचा काटा चुकतोय!"

"काटा चुकत नाही, डॉक्टर. तुम्ही बासष्ट सांगितले होते. पर्ससकट चोपन्न भरतायत."

तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट पाहिलं. मनगटावरचं घड्याळ शेवटच्या भोकात अडकवलेलं होतं, तरी सैल होतं.

"जेवत नव्हतीस का?"

"जेवत होते ना. तिथे सगळे फोनकडे बघत जेवतात. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरणारं कोणी नाही." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घास उतरत नाही हो."

आठ महिने मी समजत होतो, की आठवण फक्त मलाच येते. सर्जन पुढच्या चाकाकडे निरखून पाहायला लागला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो खाकरला. "मग चोपन्नवर बसवू?"

पर्समधलं तिकीट मला दिसत नव्हतं, पण तेच दिसत होतं.

"नको," बायको म्हणाली. "बासष्टच राहू दे. भरून काढते."

आठ किलो काही आठ दिवसांत भरून निघत नाहीत, एवढं गणित मलाही येतं!

त्याला आता तीन महिने झाले. जुळ्यांचा फोन आला की ती अजून आतल्या खोलीत जाऊन बसते आणि नाक पुसत बाहेर येते. मी काही विचारत नाही. दोन्ही वेळा आम्ही समोरासमोर बसून जेवतो. मी मीठ कमी म्हणतो, ती "मग घ्या अजून" म्हणून वाढते. काल सर्जनकडे पुन्हा काटे लावले. आठच्या आठ किलो भरून निघालेत! सर्जनने दोनदा तपासून पाहिलं.

फक्त ते माझ्या बाजूला भरलेत.