भापकर तात्यांची बोगनवेल

भापकर तात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी दारातल्या कुंडीत बोट घालतात आणि मग चपला काढतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत जातं, बाहेर येतं, अंगठ्यावर चोळलं जातं. मग घरमालकाकडे रोखून पाहत तात्या म्हणतात, "झाडाचं कळलं. आता तुमचं खरं काय ते सांगा."

तात्या आमचे शेजारी. नगरच्या या कॉलनीत त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत आहे. निवृत्त होईपर्यंत ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या नोंदी तपासायचे. ऊसतोड लवकर मिळावी म्हणून शेतकरी लागणीची तारीख मागची सांगत आणि तात्या फडात शिरून, उसाची पेरं मोजून खरी तारीख काढत. समोरचा थापा मारतो आहे असं धरून चालण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. पुढे ऊस सुटला, संशय राहिला. तो त्यांनी बोगनवेलीकडे वळवला.

बोगनवेलच का, तर आमच्या कॉलनीत दुसरं काही टिकतच नाही. बोअरचं जड पाणी, चुनखडीची माती आणि दिवसभर ऊन. शिवाय हे झाड तात्यांच्या स्वभावाला धरून आहे. "लोकं म्हणत्यात गुलाबी फुलं. कसली फुलं? ती पानं हायेत, रंगल्याली! खरं फूल आत, पांढरं, इवलंसं. जे झाड सोताच लपवाछपवी करतंय, त्याच्या मालकावर इस्वास कसा ठेवायचा?"

माझी पहिली तपासणी मला अजून आठवते. आमच्या कुंडीतली वेल हिरवीगार वाढली होती, फूल मात्र नाही. पाणी किती घालता, असं तात्यांनी विचारलं. मी सरकारी कचेरीत पावसाचे आकडे गोळा करतो, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी अंदाजाने बोलत नाही. आठवड्यातून दोनदा, एक तांब्या, असं मी सांगितलं.

"अजून एकदा इचार करून सांगा."

"तात्या, मी खोटं कशाला बोलू?"

"समदे असंच म्हणत्यात."

त्यांनी बोट घातलं, चोळलं, आणि कुंडीभोवती फिरत हळूहळू मान वर केली. वर आमच्या एसीची नळी होती. टप्, टप्, थेट कुंडीत.

"हे कुणाचं पाणी? माझं?"

मी स्टूल आणायला आत गेलो. त्या उन्हाळ्यात माझ्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला तो कायमचाच.

उपाय मात्र पक्का होता. नळी बाजूला करा. युरिया बंद, त्यानं नुसता पाला सुटतो. कुंडी दिवसभर उन्हात ठेवा. शेंडे जरासे खुडा, कारण फूल नव्या फुटीवर येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताण. डाळिंबवाले बहार धरण्याआधी बागेचं पाणी तोडतात, तसंच. "पानं मलूल होऊस्तोवर पाणी द्यायचं न्हाई. दया आली तरी द्यायचं न्हाई. मंग एकदा भरून पाणी, आन मंग बघा." मी तसं केलं आणि महिन्याभरात वेल अशी फुलली, की पाहुणे दारात थांबून फोटो काढू लागले.

समोरच्या शेख बाईंच्या वेलीची पानं कडेने कुरतडलेली दिसायची. त्यांचा संशय मोकाट शेळीवर होता. तात्यांचा शेख बाईंवर.

"तुमी झाडाखाली वाकून बघितलंय का कधी?"

"बघितलं ना, रोज बघते."

"कवा?"

"सकाळी."

"सकाळी चोर जाग्यावर सापडतोय का?"

संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र अंथरून फांदी हलवली. काटकीसारख्या हिरव्या अळ्या टपाटपा पडल्या. मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी झाली, तीही ऊन उतरल्यावर. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की झाडाला लोह मिळावं म्हणून ते हिराकस घालायला लावत. पिवळी पानं गळत असतील, तर कुंडी आडवी करून बुडाचं भोक बघत. ते बहुधा बुजलेलंच असायचं आणि मालकाला बहुधा माहीत नसायचं.

तर कॉलनीभर गुलाबी, केशरी, पांढरा बहर. एक झाड सोडून. ते तात्यांचं स्वतःचं.

त्यांच्या अंगणातली ती वेल त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, लावलेली. काकू तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजारात गेल्या. तेव्हापासून वेल भिंतीवर चढून आमच्याकडे डोकावते, पण नुसती हिरवी. लोक तात्यांना चिडवायचे. तात्या म्हणायचे, "कुणीतरी चोरून पाणी घालतंय."

आधी ते हवेत बोलत. मग एका सकाळी त्यांनी भिंतीवरून थेट माझ्या बायकोला विचारलं, "सुनंदाबाई, तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?"

सुनंदाने ते मनाला लावून घेतलं. काकूंच्या आजारपणात रोज डबा देणारी ती. "माझ्यामुळे काकूंचं झाड फुलत नाही, असं म्हणतात का ते?" तिने त्यांच्याकडे बघणं बंद केलं. चहाचा कप भिंतीवरून जायचा, तो थांबला. शेख बाईही एकदा हळूच विचारून गेल्या, "खरंच तुमचं पाणी जातं का हो तिकडं?"

मी पुरावा काढायचं ठरवलं. मोरीत बादलीभर निळीचं पाणी ओतलं. ते रस्त्याच्या गटारात निघालं, तात्यांच्या अंगणात एक थेंबही नाही. मी तात्यांना बोलावून दाखवलं. ते गटाराकडे न बघताच म्हणाले, "निळीचं काय घेऊन बसलात? पाणी आपली वाट बदलतं." इतका पुरावा मागणारा माणूस पुराव्याकडे बघत नाही, याचंच मला नवल वाटलं. आता संशय घेण्याची पाळी माझी होती.

रविवारी ऊन उतरताना मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. खाली तात्या अंगणात आले. फाटकाकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. वर बघायचं त्यांना सुचलं नाही. मग आतून पाण्याची बादली आणली, वेलीच्या आळ्यापाशी बसले आणि एका लहानशा स्टीलच्या फुलपात्राने पाणी घालू लागले.

ते फुलपात्र मी ओळखलं. डॉक्टरांनी काकूंचं पाणी तोडलं होतं. दिवसाचं ठरलेलं, वर एक घोट नाही. तात्या त्याच फुलपात्राने मोजून द्यायचे आणि माठ कुलपात ठेवायचे. त्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायचा, "अहो, एक घोट द्या ना." आणि तात्यांचा, "न्हाई म्हंजे न्हाई."

खाली फुलपात्र रिकामं झालं. तात्या थोडे वाकले.

"अजून?" त्यांनी विचारलं.

थोडं थांबले आणि पुन्हा भरलं. आळं तुडुंब होईपर्यंत ते तेच विचारत होते आणि भरत होते.

मी कपडे घेऊन खाली आलो. "सापडलं का कोण ते?" सुनंदाने विचारलं. मी सांगितलं. तिने एकाच टॉवेलची दोनदा घडी घातली.

"आणि नाव माझं घेतलं?"

"हो."

घडी कपाटात ठेवताना ती म्हणाली, "काकूंना दिवसाला किती पाणी होतं हो?"

आकडा मला पाठ होता. मी सांगितला नाही.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या घरात नवे भाडेकरू आले. त्यांची कुंडी तपासून तात्या फाटकापाशी उभे होते. आम्ही दोघं आणि शेख बाईही होतो. नवीन बाई हसत म्हणाली, "काका, सगळ्यांची झाडं बरी करता, मग तुमच्याच वेलीला फूल कसं नाही?"

तात्या मातीचं बोट पुन्हा अंगठ्यावर चोळू लागले. शेख बाई सुनंदाकडे बघू लागल्या.

"आमच्या मोरीचं पाणी मुरतं ना तिथं," सुनंदा म्हणाली. "किती सांगून झालं यांना, पाईप बदला म्हणून. ऐकतात कुठं!"

मीही मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी चुकीच्या माहितीवर सही करत होतो.

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असू द्या. जुनं बांधकाम हाय. हुतं असं."

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. सवयीने कुंडीत बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं. कुंडीला त्यांनीच ताण द्यायला लावला होता. पानं मलूल झाली होती. सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती.

"लई कोरडं झालंय," तात्या म्हणाले. "आज घाला थोडं पाणी."

आणि चपला काढून आत आले. खरं काय ते सांगा, असं मात्र म्हणाले नाहीत.