सुंदराबाईंच्या पाठीचं माप

"आई, या वेळी चूक होणारच नाही," प्रबुद्ध म्हणाला आणि त्याने कानामागची पेन्सिल काढली. "मी सगळं मोजून घेतोय."

त्याच्यावर अविश्वास दाखवायला तसं कारण नव्हतं. भौतिकशास्त्रात एमएस्सी, नोकरी मुलुंडच्या एका प्रयोगशाळेत, काम दुकानदारांचे वजनकाटे तपासायचं. चहात साखर घालतानासुद्धा हा चमचा डोळ्यांच्या रेषेत धरायचा.

पण लांब पल्ल्याची नवी मोटरसायकल घेतली आणि आईला पहिल्यांदा घाटकोपरहून ठाण्याला नेलं, तेव्हा मागे टेकायला काही नव्हतं. वाटभर सुंदराबाईंनी त्याची कॉलर अशी धरली होती, जणू पाकीटमार सापडलाय. प्रबुद्धने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष वेगाच्या काट्यावर. उतरल्यावर त्या कंबर धरून म्हणाल्या, "परत या गाडीवर बसले तर नाव बदलीन."

आता रविवारी शहापूरला द्रौपदी मावशीच्या नातवाचं नामकरण होतं. थोरल्या बहिणीच्या दारात लेकाच्या गाडीवरून उतरायचं, ही सुंदराबाईंची इच्छा. तोंडाने कबूल करत नव्हत्या, पण फोनवर गाडीचा रंग तीनदा सांगून झाला होता. आणि प्रबुद्धने तर गाडी घेतलीच होती आईला फिरवायला. म्हणून बॅकरेस्ट. साधा नाही, काढता-घालता येणारा. खटका ओढला की दहा सेकंदांत हातात.

त्याने दोन स्टुलांवर लोड आडवा बांधला. आई घरच्या मॅक्सीत होती. दोन्हीकडे पाय सोडून तिला वर बसवलं आणि टेप लावली.

"पाठ सैल सोड."

"सैलच आहे. तीस वर्षं शाळेत बाकं उचलली या पाठीने. आता हिला काय शिकवतोस?"

तेवढ्यात शेजारच्या ल्युसी आंटी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "सुंदरा, घोड्यावर कुठे निघालीस गं?"

"गाडीवरून जायचंय. सराव चाललाय."

"लांब?"

"सलग हजार किलोमीटर बसली तरी पाठ दुखणार नाही, असा हिशेब केलाय मी," प्रबुद्ध अभिमानाने म्हणाला.

ल्युसी आंटींनी हजार किलोमीटरचा त्यांच्या परीने हिशेब केला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की सुंदराबाई लेकाबरोबर लडाखला चालल्यात. तळमजल्यावरच्या धोंडिराम काकांनी स्वेटर पाठवला. कुणी कापूर दिला, तिथल्या विरळ हवेत हुंगायला.

"आई, सांगून टाक ना खरं."

"सांगते रे, सावकाश. शहापूरला जाते म्हटल्यावर कुणी स्वेटर दिला असता का मला?"

शनिवारी प्रबुद्ध चेंबूरच्या दुकानात गेला. मालक भाऊराव सीटकव्हर शिवत बसले होते. "गाडी कुठली?" एवढंच त्यांनी विचारलं. प्रबुद्धने गाडी सांगितली आणि वहीच उघडली. मणक्याचा बाक, स्पंजची जाडी, कोन एकशे चार अंश.

"एकदा आईंनाच घेऊन या ना," भाऊराव म्हणाले. "बसवून बघू."

"गरज नाही. तीनदा मापं घेतलीयत."

भाऊरावांनी वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि माल काढला.

रविवारी सकाळी निरोपाला बिल्डिंग खाली उतरली. प्रबुद्धने खटका बसवून दाखवला, दोनदा. सुंदराबाई पांढऱ्याशुभ्र साडीत आल्या, अंबाड्यावर हेल्मेट चढवलं, लेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसल्या.

बॅकरेस्ट डाव्या बरगडीत रुतला. पाठीमागे नुसती हवा.

"आई, अशी नाही. त्या दिवशी लोडावर बसलीस तशी बस."

"साडीत?"

पाठीची बावीस मापं वहीत होती. साडी एकाही रकान्यात नव्हती.

"ठाण्याला जातानाही अशीच बसली होतीस?"

"मग काय. तू बघितलंस कुठे."

धोंडिराम काका खोकले. प्रबुद्धचे कान हेल्मेटच्या आत तापले. आता ही उतरणार आणि रिक्षा बोलवणार, त्याने मनाशी धरलं. पण सुंदराबाईंनी जमलेल्या माणसांवर नजर फिरवली. उतरायचं तर स्वेटर परत करावा लागणार होता.

"काढ तो टेकू. माझ्या मांडीवर दे. कॉलर धरते मी, तू हळू चालव."

टेकू दहा सेकंदांत निघाला. तेवढा भाग हिशेबाप्रमाणे झाला.

पंचविसाच्या वर काटा न नेता ते साडेतीन तासांनी शहापूरला पोचले. वाटेत सायकलवाल्याने मागे टाकलं, तरी प्रबुद्धने वेग वाढवला नाही; दर दहा मिनिटांनी आरशात आईकडे पाहिलं. कॉलरवरची पकड भिवंडी फाट्यालाच सैल पडली होती.

मावशी दारातच उभी होती. तिने गाडी बघितली, रंग बघितला, मग बहिणीच्या हातातली वस्तू बघितली. "हे काय गं?"

सुंदराबाईंनी आत जाऊन बॅकरेस्ट भिंतीला लावला, पुढे चटईवर बसल्या आणि टेकल्या. कोन एकशे चार अंश. अख्खं नामकरण होईपर्यंत त्यांनी एकदाही कंबर धरली नाही. जेवणानंतर मावशी टेकून बसली, ती मग उठेचना.

पुढच्या शनिवारी प्रबुद्ध पुन्हा चेंबूरला गेला. भाऊरावांनी सुई थांबवली.

"बसला ना बरोबर? आता काय देऊ?"

"तसाच अजून एक."

"गाडी कुठली?"

प्रबुद्धने वही उघडली, आणि मिटली.

"गाडी नाही," तो म्हणाला. "मावशी आहे."