सोपानदादा म्हशीची तब्येत इचारतो

भोर-आंबवडे रस्त्यावर माझ्या तोडीचा डायवर न्हाई. हे माझं मत. माझ्या वडाप जीपमधनं उतरल्याली मानसं आधी देवाचं नाव घेत्यात आन मग माझ्या बापाचं.

माझ्या शेजारचा सोपानदादाबी डायवरच. पर हा मानूस कदी कुनाची तब्येत इचारत न्हाई. म्हशीची इचारतो. सकाळी दारावरनं जाताना, "पारूकाकू, म्हस बरी हाय का?" "गनपतआबा, बैल काय म्हंत्यात?" गावात नवा पावना आला तर त्याला वाटतं, हा ढोरांचा डाक्टर.

तसं न्हाई. दादा भोरात शववाहिका चालवतो. एकदा इसरून त्यानं गनपतआबाला इचारलं, "आबा, तब्येत कशी हाय?" आबानं काठीच फेकली. "आजून धा वर्सं तुला धंदा देत न्हाई, चल हो फुडं!" तवापास्नं दादा जनावरांवर आला.

लग्नाची पत्रिका त्याला उंबऱ्याभायेरनं. टपरीवर च्याला बसला की बाकडं मोकळं. आन "सोपानदादा बघतो म्हंजी डोळ्यानं माप घेतो" हे गावात कुनी उठवलं? मीच की. लोकं लई हसली. त्या हसन्यावर मी आठवडाभर जगलो.

खरं सांगायचं तर जळायचो मी. त्याची गाडी पांढरीफेक, रोज धुतल्याली. माझ्या जीपचा रंग कुठला, हे मलाबी सांगता येत न्हाई. मला बघून पोलीस शिट्टी मारतो, त्याला बघून टोपी काढतो. माझ्या सवाऱ्या मांडीवर कोंबडी घेऊन बसत्यात, खिडकीतनं वकत्यात, "बाळू, आवर लवकर" म्हनून टाळकं खात्यात. दादाच्या सवारीची कसली तक्रार न्हाई. "घाई कुनाला हाय?" हे त्याचं ठरल्यालं बोलनं. आन वरनं माझी आय म्हनायची, "सोपान बघ, गाडी कशी अलगद नेतो. पोटातलं पानी हालत न्हाई."

"हाललं तरी सांगनार कोन, आय?" मी म्हनायचो. ती हसायची न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी आय आंगनात घसरली. मांडीचं हाड मोडलं. उठवता येईना, बसवता येईना. माझी जीप दारातच, पर तिच्यात समदी बाकडी. आडवं निजवायचं तर पाय भायेर. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर तास लागंल म्हनले. आय वरडतीया, मी रडतोय, बाया पदरानं वारा घालत्यात.

कुंपनापल्याड सोपानदादा हुबा. आत यायचं धाडस न्हाई. म्हनतो, "बाळू... म्हस बरी हाय का?"

"म्हस इकून दोन वर्सं झाली, दादा!" मी खेकसलो.

त्याचं ओठ हाललं, पर दुसरा सवाल काय भायेर निघंना.

आयला कळलं. पडल्या जागेवरनं वरडली, "बरी न्हाई, सोपाना! गाडी आन."

"आत्याबाई, त्या गाडीत?" पारूकाकूनं तोंडावर हात घेतला.

"मग आडवं निजायला दुसरी दाव तुझ्याकडची."

दादानं आयकडं डोक्यापास्नं पायापत्तूर बघितलं. मीच उठवल्यालं माप. मग घरातनं सोताची गोधडी आनली, बरुब्बर आयच्या उंचीची आंथरली, दुसरी गुंडाळून मोडक्या पायाला लावली. गाडीवरचा हार काढला. 'शववाहिका' ह्या अक्षरांवर टावेल बांधला. आन निघाल्या निघाल्या हॉर्न दाबला. त्या गाडीला हॉर्न हाय, हे मला त्या दिशी कळलं.

टावेल पयल्याच वळनाला उडाला. रस्त्यानं मानसं हात जोडाया लागली. आयनं निजल्या निजल्या काचंतनं हात हालवला, तर थांब्यावरच्या एका बाईची पिशवीच खाली पडली. भोर येस्तवर माझ्या मोबाईलवर मामाचा फोन, "कवा नेनार हाय? आमी निघालो."

डाक्टरांनी मांडीत सळी घातली. पंधरा दिसांनी आयला घरी आनायची, तवा मी जन्मात पयल्यांदा जीप धुतली. फुडच्या शीटवर गादी टाकली, अत्तर मारलं. आय दवाखान्याच्या दारात काठी टेकून हुबी. जीपकडं बघितलं आन म्हनली, "सोपान कुठाय?"

जीप भोरात सोडून मीबी त्याच्याच गाडीत बसलो. आय फुडं, मी मागं, माझ्या आधी तितं कोन कोन निजून गेलं त्याचा इचार करत. आयची टकळी सुरू. दवाखान्यातली पांचट डाळ, नर्सचं लग्न, शेजारच्या खाटंवरच्या म्हातारीचं घोरनं. दादा नुसता "व्हय काकी, व्हय काकी."

मधीच त्यानं गाडी भाटघरच्या अंगाला वळवली.

"दादा, वाट चुकला का? आंबवडं तिकडं ऱ्हायलं."

"चुकलो न्हाई रं." तो फुडंच बघत म्हनला. "परत येताना ही गाडी कायम रिकामी असती. बोलतं मानूस पयल्यांदाच हाय. जरा ऐकू दे. घाई कुनाला हाय?"

धरनाचं पानी दिसाय लागलं. मी मागनं मुंडकं फुडं काढलं.

"आय, माझ्या गाडीत तू कदी येवढी बोलली न्हाईस."

"तुझ्या गाडीत तूच बोलतोस, मुडद्या," आय म्हनली. "गप बस आता. सोपान ऐकतोय."