आवळ्याएवढा बोअर

झुंबरबाई जमिनीवर बसून नव्या दोऱ्यात माळ ओवत होती आणि तिच्या नवऱ्याला, हिरामणला, पंख्याखाली यायचं होतं. त्याने खाट ओढली. खाटेच्या लोखंडी पायाखाली काहीतरी कडकन वाजलं. माळेतला मधला मोठा पांढरा मणी होता तो. झुंबरबाईने चुरा तळहातावर गोळा केला.

"माझ्या आईच्या माळंचा मणी," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून हिरामण जास्तच घाबरला.

दुपारी जीपने सुरगाण्याला जायचं होतं. झुंबरबाईच्या भाच्याचं लग्न होतं. तिथे तिची मोठी वहिनी, भागीबाई, माणसाच्या तोंडाआधी गळ्याकडे बघायची आणि मग बोलायची. मधला मणी नसलेली माळ घालून तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे चारचौघींत हसं.

"सराफ बाजारात जा आन तसलाच एक आणा," झुंबरबाई म्हणाली.

"इकत? मी?" हिरामण ताठ झाला. जन्मभर तो बोअरच्या गाडीवर होता. पेठपासून देवळ्यापर्यंत कुठल्या गावचा खडक किती कडक, हे तो झोपेतही सांगे. "जिल्हाभर काळ्या पत्थराला भोकं पाडली मी. आन एका मण्याच्या भोकासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

"मग पाडा. जीप यायच्या आत मणी झाला, तर तुम्ही जीपमधी. नाय झाला, तर मी एकटी जाते आन भागीवहिनीला सांगते कोणी मोडला ते."

एवढं बोलून ती बांगड्या भरायला खाली बाजारात गेली.

हिरामणकडे एक पांढरी गारगोटी होती. आवळ्याएवढी, गुळगुळीत, गोल. गावाकडच्या नदीत सापडलेली. गाडीवर असताना ती नेहमी त्याच्या खिशात असायची. तसा दुसरा दगड मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे चूक करायची सोय नव्हती. फरशी बसवणाऱ्या सहादूकडून त्याने ड्रिल मशीन आणलं, दगडाला चालणारा लांब, बारीक बिट आणला, आणि सावळीरामला फोन केला.

सावळीराम पाणाड्या होता, जमिनीखालचं पाणी सांगणारा. तळहातावर नारळ ठेवून तो रानात फिरायचा आणि नारळ उभा राहिला की तिथे पाय आपटायचा. हिरामणची गाडी मग तिथे लागायची. त्या जागी बहुतेक वेळा धूळच निघायची. दोघांनी मिळून बरेच शेतकरी नाराज केले होते, पण दोस्ती टिकली होती.

"पॉइंट काढल्याबिगर मी कधी मशीन लावली का?" हिरामण म्हणाला. "मणी कुठं ठेवून भोक पाडायचं, ते तू सांग."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"तुला मजल्याचं काय? तू नारळ काढ."

सावळीरामने नारळ काढला. हॉलमध्ये नारळ आडवाच राहिला. स्वयंपाकघरात थोडा हलला. धुण्याच्या बाल्कनीत, जिथे एक फरशी फुटून खळगा पडला होता, तिथे मात्र तो डुलत डुलत सरळ उभा राहिला.

"हीच जागा!" सावळीरामने पाय आपटला.

खळगाही असा की त्यात गोल दगड नीट बसावा. हिरामणने मशीनला हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. गारगोटीला हात लावण्याआधी नातवाच्या गोट्यांवर हात बसवून घ्यायचं ठरलं. पहिल्या गोटीचे तुकडे झाले. दुसरी गोटी बिटखालून सटकली, भिंतीवर आपटली आणि बाल्कनीच्या गजांतून बाहेर गेली. खालून पत्रा वाजला आणि पाठोपाठ माणूस ओरडला.

ओरडणारे यज्ञेश्वरकाका होते, सोसायटीचे चेअरमन. बिल्डिंगमध्ये त्यांना न विचारता खिळाही ठोकला जाऊ नये, असं त्यांना वाटे. पाण्याच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. कोणाचा नळ टपकला की त्याचा फोटो ग्रुपवर पडलाच. गोटी हातात घेऊन ते वर आले.

"हिरामणराव, हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, सायेब."

सगळी हकिकत ऐकल्यावर काकांचा राग ओसरला आणि ते खाली वाकून बघू लागले. थोड्याच वेळात त्यांनी बाह्याही सरसावल्या.

"दगड सटकणारच. त्याला धरायला काहीतरी चिकट पाहिजे."

झुंबरबाईने वाटेतल्या भाकरीसाठी नागलीचं पीठ मळून ठेवलं होतं. त्याचा मोठा गोळा खळग्यात थापला, त्यात गारगोटी अर्धी रुतवली. काकांनी दोन्ही हातांनी पीठ दाबून धरलं. सावळीराम तांब्याने थेंब थेंब पाणी सोडू लागला, कारण दगड तापला तर तडकतो.

"आणि हे बघा," काका म्हणाले, "अर्धं भोक या बाजूनं पाडा. मग दगड उलटा करा आणि अर्धं त्या बाजूनं."

हिरामणने मशीन बंद करून त्यांच्याकडे बघितलं. "सायेब, जिमीन उलटी करून बोअर मारलेला कधी बघितलाय का तुम्ही?"

काकांनी पुन्हा पीठ दाबून धरलं. मशीन पुन्हा सुरू झालं. पांढरं दूध निघावं तसा दगडाचा गाळ पिठावर उतरू लागला. हिरामण हाताला लागणाऱ्या थरथरीवरून सांगत होता, "कडक हाय... कडक हाय... आता गेला... आता मऊ लागलं."

"मऊ म्हणजे पीठ. थांबा आता," काका म्हणाले.

पण बोअरवाल्याला मऊ लागलं की हुरूप येतो. "थोडंच राह्यलं! मऊच्या खालीच..."

फस्सकन आवाज झाला. नागलीचं पीठ उडून काकांच्या चष्म्यावर बसलं, गारगोटी उसळून कुठेतरी गेली आणि खळग्यातून पाण्याची सरळ, चकाकती धार थेट छताला लागली.

"लागलं!" हिरामण मशीन टाकून नाचू लागला. "सावळ्या, पाणी लागलं!"

सावळीरामच्या हातातला तांब्या गळून पडला. त्याने ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं, चव घेतली. "गोडं हाय रे! गड्या, गोडं पाणी हाय!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"अहो, गोडं असणारच!" यज्ञेश्वरकाका चष्मा पुसत ओरडले. "ती सोसायटीची पाइपलाइन आहे! प्लंबरनं तिच्यासाठीच तर फरशी फोडली होती! माझ्यासमोर फोडली होती!"

त्यांनी भोकावर अंगठा दाबला. धार थांबली, पण आता काकांना उठता येईना. अंगठा जरा हलला की पाणी बाजूने फुटे आणि त्यांच्याच तोंडावर येई. सावळीराम हात जोडून त्या अंगठ्याकडे बघत होता.

तेवढ्यात झुंबरबाई आली. हातभर हिरव्या बांगड्या, आणि समोर हे. एक नाचतोय, एक नमस्कार करतोय आणि सोसायटीचे चेअरमन फरशीला चिकटलेत.

"पाण्याची वरची चावी बंद केली का?" तिने विचारलं.

हिरामण नाचता नाचता थांबला. झुंबरबाई बाथरूममध्ये गेली, चावी फिरवली आणि बाहेर आली. काकांनी भीत भीत अंगठा उचलला. पाणी गप्प.

मोरीच्या जाळीत गारगोटी अडकली होती. झुंबरबाईने ती उचलून उजेडाकडे धरली. भोक आरपार होतं, सरळ, स्वच्छ. आतून पाण्याच्या धारेनेच धुऊन निघालेलं. मग ती सुई-दोरा घेऊन बसली. खाली जीपचा हॉर्न वाजला तेव्हा मणी माळेत होता आणि हिरामण जीपमध्ये. सावळीरामलाही बरोबर घेतलं, कारण तो नारळ छातीशी धरून बसला होता आणि घरी जायचं नाव घेत नव्हता. मागे प्लंबरला फोन करत यज्ञेश्वरकाका हात हलवत होते. पाण्याचा हा फोटो काही ग्रुपवर टाकता येण्यासारखा नव्हता.

सुरगाण्याच्या मांडवात गोष्ट त्यांच्या आधी पोचली, कारण जीपमधल्या प्रत्येकाकडे फोन होता.

"सावळीरामदादा, पाणी किती फुटावर लागलं?" नवरदेवाच्या काकाने विचारलं.

"फूट कसला? दोन इंच."

मांडवातल्या माना वळल्या. खुर्ची आली, पाट आला, चहा आला. नवरदेवाला सोडून लोक सावळीरामभोवती जमले. दोघांनी तर आपापल्या रानात यायचं आमंत्रणही दिलं. झुंबरबाई माळ घालून उभी होती आणि तिच्या गळ्याकडे कोणी बघतही नव्हतं. भागीबाईसुद्धा सावळीरामचा नारळ बघत होती.

झुंबरबाईने घसा साफ केला. "पाणी कुठून निघालं, ते बघायचं का कोणाला?" तिने माळ गळ्यातून काढली आणि मधला मणी वर धरला. "ह्याच भोकातून."

बायकांची एकच झुंबड उडाली. प्रत्येकीला तो मणी हातात हवा होता. भागीबाई सगळ्यांना सारून पुढे आली. तिने एक डोळा मिटला, दुसरा मण्याला लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"मला तर काय दिसत नाय," ती अखेर कुरकुरली.

"दिसंल कसं, वहिनी?" झुंबरबाईने माळ परत घेऊन ऐटीत गळ्यात घातली. "आत दोरा हाय."